आबांचं नाक आणि आमची शिराज

११ फेब्रुवारी २०२५

द्राक्षात साखर चोवीस टक्के! मशीनने सांगितलं, माझ्या वहीनेही सांगितलं — तोड. आणि आबा म्हणाले, थांब!

सासरे आहेत म्हणून ऐकून घेतलं. घोडेगावच्या बाजारात बैलाचे दात बघतात तसं आबा शिराजच्या द्राक्षाचं बी बघतात. दाताखाली फोडलं, थुंकलं. "कडू हाय अजून. आठ दिस थांब, सुकन्या." गळ्यात तुळशीची माळ, दारूचा थेंब आयुष्यात ओठाला लागलेला नाही, आणि वाईनची द्राक्षं कधी तोडायची हे ते सांगणार! वर आभाळ भरलेलं. पाऊस आला तर सगळा माल सडेल.

इतकी वर्षं आमची द्राक्षं मोठ्या वायनरीला जायची. यंदा पहिल्यांदा घरची वाईन करायला आबांनी होकार दिलाय, तोही एका सालापुरता. "जमलं तर जमलं. न्हाईतर माल परत तिकडंच, आन् तू शाळंवर लाग." शाळेवर! मी! एवढं वाईनचं शिकून आले ते काय फळा पुसायला?

१९ फेब्रुवारी

तोडली. पाऊस आला नाही, नशीब! बी चावून पाहिलं — कुरकुरीत, कडूपणा गायब. आबा बरोबर होते. त्यांना सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

२६ फेब्रुवारी

टाक्या खदखदताहेत! सालं फुगून वर येतात, ती दिवसातून चारदा दांड्याने खाली दाबायची. हात कोपरापर्यंत जांभळे झालेत. सासूबाई म्हणाल्या, "लग्नात मेंदी बी इतकी रंगली नव्हती तुजी."

आबा शेडच्या पायरीशी उभे राहतात. दारूच्या शेडची पायरी चढायची नाही, हा त्यांचा नेम. पण नाक मात्र आत! "डावीकडच्या टाकीला नासक्या अंड्याचा वास मारतोय. हवा कमी पडती तिला." जाऊन बघते तर खरंच! लगेच रस उपसून वरून ओतला, वास गेला. मी दोन वर्षं फी भरून जे शिकले ते हे बाहेर उभं राहून सांगतात. राग येतो आणि कौतुकही वाटतं.

१० मार्च

दोन्ही पिपं भरली. आता दहा महिने वाट बघायची. दहा!!

८ जानेवारी २०२६

बाटल्या भरून झाल्या. सहाशे! काय उतरलीय — काळीकुट्ट, दणदणीत, जिभेवर ठाण मांडून बसते. मी वाईन चाखायच्या रीतीप्रमाणे चाखून थुंकत होते तर आबा पायरीवरून म्हणाले, "थुकायचीच तर केली कशाला?" त्यांना हे काही केल्या पटत नाही.

पुण्याच्या एका हॉटेलच्या मोनिकाताई बावीस तारखेला चाखायला येणार आहेत. त्यांनी घेतली की झालं. आबांचं साल मी जिंकलं!

१८ जानेवारी

सासूबाईंच्या फोडणीचा वास सहन होत नाही. तेल जुनं असणार. की टेन्शन?

२० जानेवारी

संपलं सगळं. परवा मोनिकाताई येणार म्हणून बाटली उघडली — भसकन व्हिनेगरचा वास! दुसरी उघडली, तेच. तिसरी, तेच. आदिनाथ नागापूरच्या एमआयडीसीतून ड्युटी करून आला. त्याला हुंगायला दिली, तर नवरोबांचं नाक सर्दीने बंद. असा कसा नवरा!

धाय मोकलून रडले. मोनिकाताईंना येऊ नका म्हणून कळवायला मोबाईल हातात घेतला, आणि पायरीवर आबा. त्यांनी चपला काढल्या. आणि आत आले! आत!

"दे हिकडं." ग्लास नाकाशी धरला, डोळे मिटले. बराच वेळ. "जांभळाची साल. काळी मिरी. जरा धूर. दारू चांगली हाय."

"आबा, व्हिनेगर झालंय तिचं! मला येतोय वास!"

"मंग नाक तुजं बिघडलंय, पोरी. दारू न्हाई बिघडली." ग्लास परत दिला, चपला घातल्या, गेले.

माझं शिक्षण की आबांचं नाक? मोबाईल ठेवून दिला.

२२ जानेवारी

चारशे बाटल्यांची ऑर्डर!!! चारशे!

मोनिकाताईंनी पहिला घोट घेतला, ग्लास उजेडात धरला, पुन्हा हुंगला. माझा जीव टांगणीला. मग म्हणाल्या, "जांभूळ. मिरी. आणि शेवटी धूर... अजून ओता." मी आदिनाथकडे बघितलं, आदिनाथने पायरीकडे. आबांनी एकच विचारलं, "बियाचा कडूपना लागतोय का, ताई?" त्या म्हणाल्या, "अजिबात नाही." आबा मान हलवून गोठ्याकडे गेले. जाता जाता म्हणाले, "माल आता कुठं जायाचा न्हाई."

मला मात्र त्याच बाटलीतून अजूनही व्हिनेगर! काहीतरी चुकतंय माझं.

२५ जानेवारी

सासूबाईच घेऊन गेल्या सावेडीला, डॉक्टरबाईंकडे. सहावा आठवडा! नाक बिघडलं नव्हतं, दोघांचं झालं होतं. आणि वाईन बंद — चाखून थुंकायचीसुद्धा नाही. तोडणी पंधरा दिवसांवर आलीय! मी रडू की हसू?

घरी आल्यावर आबांना सांगितलं. माळेशी चाळा करत बसले. मग म्हणाले, "बरं झालं. घरात आता माळकरी दोन. चल, बी चावून बघू."