गौतमचं ॲप

९ जुलै
कॉलेजच्या लायब्ररीत काम करणारी साक्षी आज माझ्या कॉम्प्युटर लॅबमध्ये आली. "दीदी, मी कुठं जाते, कोणाशी बोलते, नवऱ्याले सगळं माहीत असते. काहून?" तिचा फोन तपासला. कॅलेंडरच्या नावाखाली लपलेलं ॲप. जागा, मेसेज, आवाज — सगळं नवऱ्याच्या मोबाइलवर. कंपनी इथलीच, रायपूरची. मालक गौतम! आपला गौतम!

१० जुलै
दोन हजार दोनमध्ये पुरानी बस्तीच्या सायबर कॅफेत एकाच कॉम्प्युटरवर बसायचो गौतम अन् मी. विद्यापीठाच्या निकालाच्या साइटमध्ये घुसलो होतो. एकाचाही मार्क बदलला नाही. फक्त लिहून आलो — तुमचं कुलूप कच्चं आहे. त्यांनी ते बदललंही! आठवडाभर आम्ही हवेत. उघडते की नाही, एवढंच पाहायचं होतं तेव्हा. आणि त्याच डोक्यानं हा आता बायकांच्या पर्समध्ये शिरून बसला.

११ जुलै
त्याच्या ऑफिसात गेली. काचेचं केबिन, थंडगार एसी.
"गंधाली, यार, वो सब बचपना था. आता धंदा आहे. लोकं मागतात, आम्ही देतो."
"साक्षीले विचारलं कोणी?"
हसला. "आपण तरी विद्यापीठाले विचारलं होतं का?"
काचेचं दार आपटून निघून आली मी. त्या प्रश्नाचाच जास्त संताप!

१२ जुलै
साक्षीले म्हटलं, पोलिसात जाऊ. म्हणाली, "आत्ता नका काही करू, दीदी. मले विचार करू द्या." ॲप तसंच आहे. कशाचा विचार करून राहिली ही?

१३ जुलै, रविवार
घुसली मी! वीसेक वर्षांनी! स्वयंपाक सोडून सकाळपासून बसली, दुपारी दोनला त्याच्या सर्व्हरच्या आत. दोनशे सोळा फोन. नावं बहुतेक बायकांची. सगळ्यांवरची पाळत एका फटक्यात बंद करून टाकली. सगळ्यांची! घरात एकटीच ओरडली जोरात. गौतमचे फोनवर फोन. उचलले नाहीत. बस म्हणा बोंबलत!

१४ जुलै
साक्षी कामावर आली नाही. तिच्या बहिणीचा फोन आला, दवाखान्यातून. "काल दुपारी हिच्या नवऱ्याच्या मोबाइलवर दिसणं बंद झालं. त्याले वाटलं, हिनंच काढलं." तिचा हात त्यानं दोन जागी मोडला.
बाकीच्या दोनशे पंधरा घरांत काल काय झालं?