सुकतीच्या गाण्यातला आवाज

६ जानेवारी, मंगळवार
सुकती मालवणात वाजवायला येतायत! २४ला, शनिवारी, वायरीच्या एका माडांच्या बागेत, संध्याकाळी सातला. ऑफिसात डबा खाताना फोनवर दिसलं. घास तसाच हातात. समोर बसलेल्या प्राजूला दाखवलं. ती म्हणाली, "तुजे ते तिघे? गाडी मी काढतंय, तू फक्त नाय म्हणू नको."
सहा वर्षं ऐकतेय. कसाल ते ओरोस बसमध्ये जाताना, येताना. गिटार, बेस, ड्रम आणि निहारचा तो जरासा चिरका आवाज. प्रत्यक्ष कधीच नाही. पुण्याला झाले कार्यक्रम, पणजीला झाले. कधी रजा नाही, कधी आईचा दवाखाना.
आईला अजून सांगितलं नाही.

७ जानेवारी
का नाही सांगितलं ते लिहूनच टाकते.
आईच्या गळ्याचं ऑपरेशन तीन वर्षांपूर्वीचं. आवाज बदलू शकतो हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. म्हणून आदल्या रविवारी स्वयंपाकघरात तिचं गाणं मी फोनवर घेतलं. काजूच्या कारखान्यात अठरा वर्षं काढली तिने, तिथे बायका म्हणायच्या ते.

पयली गाडी चुकली गो बाय, दुसरी गाडी येना
वाट बघून पाय दुखले, घराक कोण न्हेना

आणखी एक कडवं. संपल्यावर म्हणाली, "ठेव तुज्याकडे."
आवाज बदललाच. आता घोगरा, कुजबुजल्यासारखा. शेजारच्या काकींना हाक मारायची तर टाळी वाजवते. भजनाला जाते, मागे बसते, तोंड हलवत नाही.
आणि मी ते गाणं सुकतीला पाठवलं. का? त्यांनी माझ्याकडे बघावं म्हणून. दुसरं कारण शोधायचा प्रयत्न केला, नाही सापडलं. तीन महिन्यांनी निहारचं उत्तर आलं, 'वापरू का? आईंची परवानगी आहे ना?' मी 'हो' लिहिलं. नाव घालू नका म्हटलं. गेल्या गणपतीत गाणं आलं. आवाज : कसालच्या एक बाई.
हजारो लोकांनी ऐकलं. आईने नाही.

१३ जानेवारी
सांगायला बसले. तिने कुळथाची पिठी पुढे केली. जेवले. उठले.

१७ जानेवारी, शनिवार
सांगितलं. सगळं, एका दमात.
ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही. "माजो आवाज कोणाक देवक तुका कोणी सांगला?"
"कोणी नाही."
"माका इचारूक काय झाला होता?"
काही नाही, म्हटलं. खरंच काही झालं नव्हतं. एवढंच वाक्य होतं विचारायचं.
फोन पुढे केला, ऐकतेस का. तिने सुपाने बाजूला सारला.

१९ जानेवारी
दोन दिवस कामापुरतं बोलणं. मीठ, गॅस, नळाचं पाणी. प्राजूला म्हटलं मी येत नाही शनिवारी. ती म्हणाली, "आये रागावली म्हणान तू घरात बसलंस, तर तिचो राग कमी होतलो काय?"

२२ जानेवारी
सकाळी वेणी घालताना मागून आई, "शनिवारी कितक्याक निघायचा?"
मला आधी कळलंच नाही.
"मी येतंय. बघूक नको, काय केलास ता?"

२५ जानेवारी, रविवार
काल. सगळं लिहायचंय, जमेल तसं.
प्राजूची गाडी, साडेपाचला निघालो. आईने काठाची साडी नेसली होती, जणू कोणाच्या साखरपुड्याला. बागेत माडांना पिवळे दिवे बांधलेले, पायाखाली वाळू, दोनेकशे पोरं-पोरी. खुर्ची फक्त आईला. माडाच्या बुंध्याशी टेकवून दिली. आधी कुठलीतरी दोन मुलं वाजवून गेली. आई म्हणाली, "ह्ये सगळे एकदम कित्या वाजयतत? एकान थांबाक होया." प्राजू हसून हसून खाली बसली.
मग सुकती. पहिला ठोका पडला तो छातीच्या हाडात. बसमध्ये कानात ऐकलेलं सगळं खोटं वाटलं, म्हणजे खोटं नाही, पण चित्रातलं. निहार माझ्या कल्पनेपेक्षा बुटका. बेस वाजवणारी वैदेही अनवाणी, डोळे मिटून. दोन-तीन गाणी तर आई सोबत आहे हेही मी विसरले. ओरडत होते. घसा आज बसलाय.
सहावं गाणं. त्यांनी सगळं बंद केलं. गिटार नाही, काही नाही. मोठ्या स्पीकरातून आई.
पयली गाडी चुकली गो बाय.
तो आवाज! मी स्वतः तीन वर्षांत एवढा मोठा ऐकला नव्हता. आईकडे बघायची हिंमत नव्हती. आणि दुसऱ्या ओळीला अख्खी बाग म्हणायला लागली. पाठ होतं सगळ्यांना. कोणीतरी शिट्टी मारली.
मग बघितलं. आई समोर बघत होती, चेहऱ्यावर काही नाही. फक्त उजवा पाय खालीवर होत होता. काजू फोडायच्या यंत्राचं पेडल असं दाबायची ती. तेवढंच.
संपल्यावर निहार शोधत आला. मी मेसेज केला होता, आई येतेय, पण जाहीर करू नका. त्याने वाकून नमस्कार केला. आईचं बोलणं गर्दीत ऐकू येईना म्हणून खुर्चीशी गुडघ्यावर बसला.
म्हणाला, "मावशी, पुढची कडवी असतील ना? मी कसालला येऊ? तुम्ही म्हणाल?"
"आता खंयचो आवाज?"
"आहे तो."
मग आई हळू, एकेक शब्द, "दुसरी ओळ माजी न्हय. ती सुशीची. ती माज्या बाजूक बसायची कारखान्यात. तिका इचारल्याशिवाय ह्या परत वाजवू नकात."
निहारने माझ्याकडे बघितलं. मी खाली. त्याला कळलं असणार की परवानगी कोणी दिली होती. तो म्हणाला, "बरोबर आहे मावशी. नेटवरूनही काढतो तोवर."
परतताना कट्टा गावाजवळ आई म्हणाली, "पोरगो बरो आसा." एवढंच.

२७ जानेवारी
गाणं खरंच काढलं. बसमध्ये शोधलं, नाही. त्यांच्या पानावर लोक विचारतायत कुठे गेलं. निहारने लिहिलंय, 'ज्यांचं आहे त्यांना विचारतोय.' माझं नाव नाही घेतलं. घेतलं असतं तरी चाललं असतं.

३० जानेवारी
सुशीमावशीचा पत्ता लागला, कारखान्यातल्या आणखी एका बाईकडून. कुणकेश्वरला असते, देवळाच्या वाटेवर नारळ-फुलांचं दुकान. आईला विचारलं, भांडण झालं होतं का तुमचं? "नाय गो. कारखानो बंद पडलो. मगे रवला ता रवला." बावीस वर्षं झाली त्याला.
फोन लावून देऊ का म्हटलं. नको म्हणाली. अशी गोष्ट फोनवर विचारत नाहीत. मला लागलं ते. तिने लागावं म्हणून म्हटलं नव्हतं बहुतेक.

४ फेब्रुवारी
निहारचा मेसेज : काही कळलं का, घाई नाही. 'रविवारी जातोय' एवढंच लिहिलं. पूर्वी त्याचा मेसेज आला की दिवसभर उघडून बघायचे. आज एकदाच.

८ फेब्रुवारी, रविवार
कणकवलीला बस बदलून देवगड, तिथून कुणकेश्वर. आईने काजूगर आणि घरचे पोहे घेतले होते. पुढच्या रविवारी तिथली जत्रा, रस्ताभर मांडव उभे राहतायत. सुशीमावशी शेंड्या न काढलेल्या नारळांच्या ढिगात बसली होती. आईला बघून उठली नाही, नुसती बघत राहिली.
"लता?"
"होय."
"आवाज खंय गेलो तुजो?"
आईने गळ्यावरचा वण दाखवला. सुशीमावशीने त्यावर बोट फिरवलं. मी रस्त्याकडे बघत राहिले.
मग मी सांगितलं. माझी चूक मीच सांगितली, आईने मध्ये तोंड घातलं नाही. फोनवर गाणं होतं, निहारने पाठवून ठेवलेलं. लावलं. सुशीमावशी कान देऊन ऐकत होती, नजर मात्र आईच्या तोंडावर. आपली ओळ आली तशी म्हणाली, "ह्या माजा!" आणि पुढे, तिसरं कडवं, स्वतःच सुरू केलं. मध्येच अडली. आईने सांगितलं, त्या घोगऱ्या आवाजात. सुशीमावशी म्हणाली तसं नाही. आई म्हणाली तसंच. अर्धा तास वाद. एक गिऱ्हाईक उभं राहून कंटाळून गेलं.
शेवटी मी विचारलं, मावशी, त्यांनी वाजवावं का?
"जत्रा होवंदे. मगे येवा, सांगतंय."
होयही नाही, नायही नाही. निहारला काय कळवू?
परतीच्या बसमध्ये आई खिडकीशी. मी म्हटलं, तिच्या मनात नाही की काय? आई म्हणाली, "ती मुद्दाम करता. म्हणजे आपणाक परत जावचा लागतला." मग थोड्या वेळाने, "ता तिसरा कडवा तिचाच बरोबर आसा. पण आज सांगूचा नाय."