नवव्या भागातली शेळी

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी सहा.
आजपासून संकल्प: वाचक मंडळाच्या ग्रुपवर कोणाशीही भांडायचे नाही. फक्त सत्य सांगायचे.

'काळोखाचे खलाशी' या कादंबरीमालिकेचे एकवीस भाग पूर्ण झाले. त्यानिमित्त सोळा तारखेला, रविवारी, ग्रंथालयाच्या वरच्या हॉलमध्ये मेळावा आहे. प्रत्येकाने आपला आवडता प्रसंग ग्रुपवर लिहायचा. त्यातून ग्रंथपाल बाई एक निवडणार आणि ज्याचा असेल त्याला व्यासपीठावर दहा मिनिटे मिळणार. ती माझी आहेत. बाकीचे लोक वाचत नाहीत, नुसती पाने उलटतात, तीही अंगठ्याला थुंकी लावून. मी बाइंडिंगच्या कारखान्यात आहे. लोक पुस्तकांचे काय करतात ते मला विचारा. परवा दुरुस्तीला आलेल्या ग्रंथालयाच्या एका प्रतीत केळ्याचे साल निघाले. वाचलेल्या पानाची खूण म्हणून ठेवलेले. मी हात तीन वेळा धुतले.

आज ग्रुपवर नऊ जणांनी एकच प्रसंग लिहिला. भाग नववा, 'दार'. म्हणे यानाचे हवेचे दार आतून लागत नाही, म्हणून म्हातारा यंत्रज्ञ बाहेर जाऊन ते लावतो, स्वतः बाहेरच राहतो आणि माइकवरून कप्तानाला सांगतो, दिवा मालवायला विसरू नकोस.

नववा भाग मी सात वेळा वाचला आहे. असा प्रसंग त्यात नाही.

शिसारी आली.

५ फेब्रुवारी, बुधवार.
माझा प्रसंग ग्रुपवर टाकला. चार तास लागले. एकही ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला नाही, दोनदा तपासले.

भाग नववा, पान १७७ ते १९२. संपूर्ण मालिकेतली सर्वांत धाडसी सोळा पाने. १७६ व्या पानाच्या शेवटी यानात हवा गळते आहे. शेवटची ओळ: 'यंत्रज्ञ दाराकडे धावला आणि'. पान उलटावे तर, 'पिल्लाचे मागचे पाय हळुवार धरून ओढ द्यावी, घाई करू नये.' लेखकाने आपल्याला थेट शेळीच्या बाळंतपणात नेऊन सोडले आहे. यानावर शेळी आहे हे आधीच्या आठ भागांत एका शब्दाने सांगितलेले नाही. याला म्हणतात संयम. पुढे पिल्लू निपचित पडते. मग बाळंतपण करणारा माणूस गवताची काडी पिल्लाच्या नाकात फिरवतो. पिल्लू शिंकते. तिथे मी प्रत्येक वेळी पुस्तक मिटून पाच मिनिटे बसतो.

आणि १९३ व्या पानाची पहिली ओळ: 'त्यानंतर तीन दिवस कप्तान कोणाशीही बोलला नाही.' साहजिक आहे. एवढे पाहिल्यावर कोण बोलेल.

उत्तरादाखल हेल्मेटने अकरा हसरे चेहरे पाठवले. हेल्मेट म्हणजे मोबाईल दुरुस्तीवाला. प्रत्येक मेळाव्याला पुठ्ठ्याचे शिरस्त्राण घालून येतो. त्याची चिकटवणी मी पाहिली आहे. खळीचे ओघळ. माणसाची पारख तिथेच होते.

८ फेब्रुवारी, शनिवार.
'दार'वाले आता एकतीस. अफवा अशीच पसरते.

ग्रंथालयात हेल्मेट भेटला. म्हणाला, अरे बाबा, म्हातारा नवव्या भागात मेला, तू कुठल्या जगात आहेस? मी शांतपणे सांगितले की म्हातारा निवृत्त झाला. दहाव्या भागापासून तो दिसत नाही, त्याचा दुसरा अर्थ नाही. प्रत्येक निवृत्तीचा सोहळा लिहीत बसेल तो लेखक कसला. तो म्हणाला, तुझी प्रत दाखव बघू. त्याच्या बोटांना वेफर्सचे तेल होते. मी प्रत पिशवीतून काढलीच नाही.

ग्रंथपाल बाईंनी ग्रंथालयाची प्रत पुढे केली. म्हणाल्या, हे घे, एकदा उघडून बघ आणि मिटव ना वाद. मी रुमालाने धरली. पुठ्ठ्यावर चहाचा गोल डाग आणि त्यात चिकटलेली मुंगी. उघडणे शक्य नव्हते. शिवाय गरजही नव्हती. माझी प्रत कारखान्यातली आहे. पुठ्ठा जरासा तिरका बसला म्हणून मास्तरांनी मला देऊन टाकली. आतून निर्दोष. फर्मे मी स्वतः जुळवलेले. सोळा पानांचा एक फर्मा. ते क्रमाने एकावर एक रचायचे, की पुस्तक झाले. आठ वर्षांत माझा एकही फर्मा चुकलेला नाही. समोरच्या टेबलावर सतत शिंकणारा एक आहे, मी त्याला शिंकरा म्हणतो; त्याचे आठवड्याला दोन चुकतात.

११ फेब्रुवारी, मंगळवार.
ग्रुपवर भांडलो नाही. फक्त बावीस जणांना वेगवेगळे उत्तर दिले.

लेखकांना पत्र पाठवले. दहाव्या भागापासून कप्तान आपल्या खोलीतला दिवा कधीच मालवत नाही. भाग दहा, तेरा, सतरा, एकवीस. पानांसकट दाखवून दिले. यानावर विजेची टंचाई असताना हा हलगर्जीपणा शोभत नाही, असे नम्रपणे लिहिले. एवढी उधळपट्टी एकाही वाचकाला खुपू नये, याचाच मला वीट आला आहे.

जेवताना ताई म्हणाली, एकवीस पुस्तकं वाचलीस, त्याऐवजी गणिताचं एक वाचलं असतंस तर दहावी सुटली असती. भाऊजी म्हणाले, अगं, असू दे, दारू तर पीत नाही ना. या घरात माझी बाजू अशी घेतली जाते.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी १.१०.
निवड झाली.

बाईंचा फोन आला. म्हणाल्या, तुझं ते शेळीचंच घेऊ या, मंडळींना तसलं काहीतरी हवंच आहे. शब्दशः लिहून ठेवतो आहे. 'मंडळींना हवंच आहे.' म्हणजे मनातून सगळ्यांना कळते. फक्त कबूल करायला छाती लागते.

मास्तरांना सांगितले. ते म्हणाले, बरं झालं, पण आधी ती दोनशे कॅलेंडरं संपव.

संकल्प: १) व्यासपीठावर हसायचे नाही. २) शिंकेच्या आधी तीन सेकंद थांबायचे. ३) हेल्मेटला मोठ्या मनाने माफ करायचे, पण हस्तांदोलन नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार.
काय लिहू.

साठ माणसे. खुर्च्यांखाली बिस्किटांचा चुरा. मी सुरुवात केली. 'पिल्लाचे मागचे पाय हळुवार धरून' एवढे म्हणालो आणि पहिल्या रांगेत बाईंनी रुमाल डोळ्यांना लावला. मला वाटले, भरून आले. मग त्यांचे खांदे हलू लागले. मागची रांगही हलू लागली. शिंकेच्या आधी तीन सेकंद थांबलो, तर एक गृहस्थ खुर्चीवरून घसरले. हेल्मेटचे शिरस्त्राण गळून पडले आणि तो ते उचलूही शकत नव्हता.

बाई हळूच म्हणाल्या, थांबू नकोस रे, फार छान करतोयस, इतका गंभीर चेहरा ठेवून विनोदी वाचणं सगळ्यांना जमत नाही.

विनोदी.

मग सगळे उभे राहिले आणि त्यांनी 'दार' एका सुरात म्हटले. पुस्तक न बघता. साठ माणसांनी एकच खोटे पाठ केले होते, स्वल्पविरामासकट. हसता हसता दमलेली तीच तोंडे आता रडत होती. एकाचे नाक बाहीला पुसले गेले. मी माइक परत घेतला आणि सांगितले, हा प्रसंग अस्तित्वात नाही, हे पुस्तक मी या हातांनी जुळवले आहे, तुम्ही लेखकाच्या नावावर भेसळ खपवता आहात.

कोणी हसले नाही. हेल्मेट म्हणाला, पुरे आता. हलक्या आवाजात म्हणाला, म्हणून जास्त लागले.

घरी येईपर्यंत ग्रुपमधून काढले होते. बरेच झाले. घाणीतून सुटलो.

१७ फेब्रुवारी, सोमवार.
दहा वाजता मास्तरांनी मला सगळ्यांसमोर बोलावले. प्रकाशकाकडून एक तक्रार आली होती. 'शेळीपालन: शंका आणि उपाय' या पुस्तकाच्या एका गिऱ्हाइकाचे पत्र. मास्तरांनी मोठ्याने वाचले. मजकूर असा:

'शेळी विण्याचा धडा नीट चालला होता. पान १७६ नंतर एकदम कोणी म्हातारा विमानासारख्या कशाच्या तरी बाहेर गेला आणि दार लावून बाहेरच राहिला. शेळीची पाने पाठवू नयेत. तीस वर्षे शेळ्या पाळतो, ते मला येते. त्या माणसाचे पुढे काय झाले ते कळवावे. घरात सगळे विचारत आहेत.'

मास्तर म्हणाले, दोन्ही पुस्तकं एका आकाराची, एकाच आठवड्यात, एकाच टेबलावर. कोणाच्या? मी हात पुसू लागलो. ते म्हणाले, दोन्हीकडचा बारावा फर्मा एकेकदा इकडचा तिकडे. एक गेला त्या शेळीवाल्याकडे. दुसरा कुठाय?

मी म्हणालो, त्या दिवशी वीज गेली होती. मग म्हणालो, शिंकरा समोर शिंकत होता. मास्तर म्हणाले, मग काय शेळीने जुळवला?

सगळा कारखाना हसला. शिंकराही हसला, आणि शिंकला.

दुसरा कुठे आहे ते मी सांगितले नाही. माझ्या पिशवीत होता.

१९ फेब्रुवारी, बुधवार.
फडताळात जादाचे फर्मे असतात. 'खलाशी', भाग नववा, बारावा फर्मा काढून आणला. अजून वाचलेला नाही. वेळ नाही. प्रकाश अपुरा आहे. शिवाय सोळा पानांत असे काय असणार.

मास्तर जाता जाता म्हणाले, प्रत खोल आणि नीट लाव, उगाच बघत काय बसलायस. म्हणजे त्यांना माहीत आहे.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार. जेवणाच्या सुट्टीत.
वाचला.

डबा उघडला नाही. दार लागते. म्हातारा बाहेर. दिव्याचे तो म्हणतो. कप्तान बटणापर्यंत हात नेतो आणि तसाच ठेवतो, कारण खिडकीत उजेड आहे तोवर बाहेरून खिडकी दिसते. पुढचे बारा भाग तो दिवा का जळतो ते एवढ्या एका ओळीत आहे, आणि मी लेखकाला विजेची टंचाई कळवून बसलो.

डोळ्यात सरस गेला. दोन्ही.

शेळीवाल्याला पत्र लिहिले. 'त्या माणसाचे पुढे काही होत नाही. तो बाहेरच राहतो. तरी पुढचे भाग जरूर वाचावेत.' तीनदा फाडून चौथ्यांदा लिहिले.

२२ फेब्रुवारी, शनिवार.
ग्रंथालयात गेलो. बाई होत्या, हेल्मेटही होता. सगळे सांगितले. बारावा फर्मा, शेळीवाला, सगळे. बाई डोक्याला हात लावून म्हणाल्या, अरे देवा, म्हणजे तू ते मनापासून वाचत होतास. हेल्मेट हसेल असे वाटले होते. तो म्हणाला, म्हणजे तू काल पहिल्यांदा वाचलंस? मला हेवा वाटतो लेका तुझा.

मी म्हणालो, माझा आवडता प्रसंग बदलला आहे. पुढच्या मेळाव्यात मला 'दार' वाचायचे आहे. आता मला ते जमेल, बहुधा माझ्याइतके कोणालाच जमणार नाही.

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. बाई फार मायेने म्हणाल्या, दार सगळ्यांनाच पाठ आहे रे. तू तुझी शेळीच वाच.

पुढच्या वर्षी दहा नाही, पंधरा मिनिटे देणार आहेत. हो म्हणालो.