बदामांच्या डब्याची किल्ली

१ ऑक्टोबर, धाहरान (सौदी)
घरात आले: बदाम पाव किलो, १४ रियाल. तूप, २६. उदबत्ती गावाहून, फुकट.
बदाम मोजले, १९७ भरले. मोजतानाच जप केला, दोन्ही कामं उरकतात. डब्याला कुलूप, किल्ली कमरेला. सून स्मृती म्हणाली, स्वानंदीला मूठभर द्या. पाच दिले. नात म्हणते, ओन्ली फाइव्ह? शिस्त नाही.

४ ऑक्टोबर
स्मृती इथल्या मराठी मंडळासाठी फिल्म करतेय. चार घरं, चार गोष्टी, माणसांच्या भावना. शेवटी सगळे एका विमानतळावर भेटतात. शूटिंगला माझा डबा, जपमाळ, चॉकलेटी साडी मागितली. मान देतेय. उद्यापासून तिला टोमणे बंद.

५ ऑक्टोबर, दुपारी
वरण पाणचट होतं. सांगितलं. हा टोमणा नव्हे.

१० ऑक्टोबर, शुक्रवार
फिल्म पाहिली. तिसऱ्या घरातली म्हातारी महाकजाग. जप करत बदाम मोजते! देवाची चेष्टा. आजारी सुनेच्या दुधात पाणी घालते. असली बाई असते कुठे? साडी मात्र शोभली. शेवटी मुलगा तिला विमानात बसवून देतो आणि घरातले पहिल्यांदा पोटभर जेवतात. पहिली टाळी माझी. सगळे वळून माझ्याकडेच बघत होते. वयाला मान आहे अजून.
गाडीत सुयशला म्हटलं, असलीला पाठवूनच द्यावं. त्याने गाडी बाजूला घेतली. म्हणाला, आई, खरंच असं वाटतं तुला? म्हटलं, शंभरदा. स्मृती रडायला लागली. स्वतःची फिल्म, येणारच रडू.

२२ ऑक्टोबर
सुयशने माझा देशाबाहेर जायचा व्हिसा काढला, इथे जायलाही लागतो. गावी जा म्हणाला. मागच्या खेपेला जाऊन परत यायच्या व्हिसाला दोनशे रियाल पडले होते, यंदा फुकट! फायनल एक्झिट म्हणतात. वरच्या मजल्यावरची कुबरा, आपल्या रत्नागिरीचीच, म्हणाली, मावशी, कायमच्या जाणाऱ्याकडून कसली फी घेणार? तिला व्यवहार कळत नाही. वाचलेल्या पैशांत परत आल्यावर तूप.

१५ नोव्हेंबर, दापोली
व्हॉट्सअ‍ॅपवर माझ्या निरोपांना एकच खूण येते. धाहरानची रेंज गेलेली दिसते, तीन आठवडे. कुबराचा तेवढा फोन आला. म्हणे, तुम्ही विमानात बसलात त्याच दिवशी कुलूप फोडलं, स्वानंदी मैत्रिणींना बदाम वाटत होती. कुबराला थापा मारायची खोडच.
पत्राचा मसुदा:
चि. सुयशास अनेक आशीर्वाद. डब्याची किल्ली चुकून माझ्या कमरेलाच राहिली. आत १४२ आहेत. कुलूप फोडू नका, नवं महाग पडेल. मी येऊन उघडीन. न्यायला कधी येतोस, ते उलट टपाली कळवणे.