पिशवीतला तुंबा

पायलचे बाबा,

आज सोमवार. दिवा लागेपर्यंत माझं मौन आहे, म्हणून लिहून ठेवते. मी महादेवाच्या देवळात आहे. तुमचा भात झाकून ठेवला आहे.

उद्या पायलकडे समुद्रावर न्यायच्या पिशवीतून तुमचा तुंबा मी काढला. आपल्या तलावात त्या वाळल्या भोपळ्यावर छाती टेकून तुमी जाळं लावता, तिथं वारा फार तर काठच्या पाळीले नेऊन लावते. समुद्राचं पाणी माणसाले आत ओढते. पायल फोनवर म्हणाली, "आई, बाबाले सांग, इथी लाल झेंडा दिसला का पाण्यात पाय नाई." लेकीच्या गावी लेकीचं ऐकायचं. नावेत बसलो तर जाकीट घालायचं, शोभो न शोभो. मी समुद्राले नारळ वाहीन, पण प्लास्टिकची पन्नी एकही तिथं टाकणार नाई.

तुमाले पोहता येते, मले माहीत आहे. प्रफुलभाऊजीलेही येत होतं. वैनगंगेनं ते पाहिलं नाई.

तुंबा देव्हाऱ्याखाली ठेवला आहे, परत आल्यावर घ्या. या चिठ्ठीखाली "हो" लिहून ठेवा. ते वाचूनच मी आजचा उपास सोडीन.

गोकुळा