पुढची खोली आणि घरचा प्रश्न

मी, खाली सही करणारी, निवृत्त विज्ञान शिक्षिका, शरीराने थकलेली पण डोक्याने ठीक, कोणाच्याही धाकाने किंवा भिडेने नव्हे तर माझ्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहिते. डोके ठीक असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. तो परक्या भाषेत आहे. त्यात काय लिहिले आहे ते आपल्या भाषेत सांगा म्हटले, तर डॉक्टर बराच वेळ पेनाचे टोपण काढत-घालत बसले.

माझी आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती बरीच आहेत. माझे मन एका जागी ठरत नाही आणि त्यापायी वकिलांना फार हेलपाटे पडले. याही वेळी त्यांचे म्हणणे होते की मजकूर परक्या भाषेत असावा, त्याने वजन पडते. ती भाषा मला उत्तम येते, नोकरीभर कागदोपत्री मी तिच्यातूनच शिकवले. पण हे ज्यांनी ऐकायचे त्यांना ते ऐकताक्षणी कळायला हवे.

कलम १. राहते घर माझ्या स्वकमाईचे असून ते माझ्या एकुलत्या एका लेकीला मिळावे. पुढची खोली यात धरू नये. तिचे शेवटी बघू, माझा जीव तिथेच अडकला आहे.

कलम २. बँकेतली शिल्लक लेक आणि नात यांनी सारखी वाटून घ्यावी. नातीचा वाटा कोणत्याही शिकवणीवर खर्च करू नये.

कलम ३. आमच्या माजी मुख्याध्यापकांना माझ्या वर्गाच्या दाराची आतली कडी द्यावी. शाळेची जुनी इमारत पाडली तेव्हा मी ती शेजारच्या कुलूपवाल्यांकडून काढून घेतली होती. मी दार लावून आपल्या भाषेत शिकवते, असा शेरा मुख्याध्यापकांनी मारला होता. शेरा खरा होता. पण त्यांचा स्वतःचा मुलगा त्याच वर्गात पहिल्या बाकावर बसायचा आणि दार लावायला तोच उठायचा, हे त्यांना आता कळले तरी चालेल.

कलम ४. प्रयोगाचे सामान, म्हणजे भिंगे, लोलक, तराजू, चुंबक असे सगळे, फुटके तापमापक तेवढे सोडून, नातीला. तिला घरात चुळबुळ म्हणतात. आजीवर गेली आहे. ती आईच्याच शाळेत, परक्या भाषेत विज्ञान शिकते. गेल्या परीक्षेत प्रकाशाच्या धड्यात तिला पैकीच्या पैकी गुण पडले. नंतर सुट्टीत तिने अंगणात भिंग धरले, खालच्या कागदातून धूर निघाला आणि ती धावत आत आली. "आजी, हे असं का होतं गं?" मी तिची उत्तरपत्रिका मागवून घेतली. नेमके हेच तिने आकृतीसकट लिहिले होते. लिहिलेले ते आणि हातातले हे एकच, असे तिच्या डोक्यातही आले नव्हते. त्या दिवसापासून मला चैन नाही.

कलम ५. माझ्या यजमानांचा हवा भरायचा पंप कोणालाही देऊ नये, तो पुढच्या खोलीतच राहावा. त्यांचे टायरचे दुकान होते. माझ्या वर्गात एक रीत होती. शिकलेला धडा घरी जाऊन कोणालातरी समजावून सांगायचा, ऐकणाऱ्याने एक प्रश्न विचारायचा आणि तो दुसऱ्या दिवशी वर्गात आणायचा. त्याला आम्ही घरचा प्रश्न म्हणत असू. लेक लहानपणी आपल्या भाषेच्या शाळेत होती; आमच्या घरचे प्रश्न यजमानांचे असत, आणि जेवताना ती त्यांना धडा सांगायची तेव्हा दोघांचे भात थंड होत. पुढे यजमानांनीच हौसेने तिला परक्या माध्यमात घातले. एका रात्री त्यांनी नेहमीसारखे विचारले, आज काय शिकवले? तिने हवेच्या दाबाची व्याख्या परक्या भाषेत घडाघडा म्हटली. दिवसभर हवा भरून आलेला माणूस कौतुकाने ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे काय गं?"

"बाबा, ते आपल्यात सांगता येत नाही."

त्यांनी पुन्हा कधी विचारले नाही. ते खाली मान घालून जेवू लागले. मला ते अजून सोसत नाही.

कलम ६. पुढची खोली. इथे मी संध्याकाळी मुलांना शाळेतलेच धडे आपल्या भाषेत उलगडून सांगते. लेक आता मुख्याध्यापिका आहे आणि तिला इथे परक्या भाषेचा वर्ग काढायचा आहे. ती म्हणते, आई, तुझ्या शब्दांवर पोरांना नोकरी कोण देणार? तिचे चूक नाही. माझी हुशार मुले कॉलेजात पहिले वर्षभर तोंडाला कुलूप लावून बसली, काही परत आली. ती भाषा शिकवायलाच हवी. पण तिच्यातून विज्ञान ओतताना किती सांडते, ते कोणी बघायचे?

आधीच्या मृत्युपत्रांत मी या खोलीवर नाना अटी घातल्या होत्या. आता एकही नाही. अटीने कोणी शिकत नाही, हे एवढी वर्षे शिकवून मला ठाऊक असायला हवे. खोली लेकीची. फक्त एक विनंती आहे. बाळ, हे मृत्युपत्र चुळबुळला तू स्वतः, आपल्या शब्दांत समजावून सांग. ती प्रश्न विचारील. उत्तर द्यायला मी नसेन, तू दे.

हा मजकूर दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला. रीतीप्रमाणे कुलूपवाल्यांनी तो मला परत सांगितला, बिनचूक. मग त्यांचा घरचा प्रश्न आला. "बाई, हे तुम्ही जिवंतपणी का सांगत नाही तिला?"

वकील घड्याळ बघत आहेत. मी लेकीला फोन केला आहे, ती नातीला घेऊन निघाली आहे.

साक्षीदार: १. कुलूपवाले २. औषधवाले (दोघेही थांबले आहेत)
ठिकाण: पुढची खोली
दिनांक: आजचाच
सही: लेकीला सांगून झाल्यावर करीन.