पाटल्या मोडायच्या आधी

लोधीपुरा, बऱ्हाणपूर
गुरुवार, दुपार

प्रिय कुसुमताई,

तू फोनवर विचारलंस त्याला महिना होत आला. "चारू, तू बँकेत नोकरी केलीस, तुला यातलं कळतं. आईच्या पाटल्या आणि गोफ मोडून जावईबापू ललितरावांकडून ते घड्याळ घ्यावं का? वापरलेलं आहे, पण म्हणे सोन्याहून जास्त वाढतं." मी चौकशी करून सांगते म्हणाले, आणि नंतर तू दोनदा फोन केलास तर दोन्ही वेळा दिवाळीच्या फराळावर बोलत बसले. तुझ्या लक्षात आलंच असेल. काय करू, तुझा फोन कायम स्पीकरवर, शेजारी दाजी पेपर वाचत बसलेले, आणि माझं उत्तर काही हो-नाहीत मावणारं नाही. म्हणून लिहायला बसले. शेजारचा लीलाधर रेल्वेच्या नोकरीसाठी रोज भुसावळला अप-डाऊन करतो, त्याच्या हाती पाठवते. उद्या सकाळी ड्यूटीवर जायच्या आधी तो तुझ्याकडे देईल. दाजी फिरायला गेले की वाच.

इकडे सगळं ठीक. शनवाऱ्यातल्या दुकानात दिवाळीची गर्दी सुरू झालीय, त्यामुळे हे रात्री उशिराच येतात आणि आल्या आल्या गुडघे धरून बसतात. ऑक्टोबरचं ऊन नुसतं भाजून काढतंय. परवा ह्यांनी इथली ती रव्या-तुपाची मिठाई, दराबा आणला, चांगला अर्धा किलो. एरवी आम्ही दोघं शुगरची माणसं, चिमूटभर खाऊन डबा वरच्या फळीवर ठेवतो. या वेळी डबा दोन दिवसांत रिकामा झाला. स्वयंपाकघरात पुन्हा बोलायला कुणी असलं की बरं वाटतं गं. असो, ते नंतर.

तुझ्या कामासाठी म्हणूनच मी नवरात्राच्या आधी ह्यांच्याबरोबर इंदूरला गेले होते. ह्यांना माल बघायचा होता आणि मला घड्याळ. ललितरावांनी दुकानात स्वागत फार छान केलं, खोटं कशाला बोलू. पांढरे हातमोजे घालून, मखमलीच्या ट्रेमधून त्यांनी एकेक घड्याळ काढलं. तुझ्यासाठी ठेवलेलंही दाखवलं. निळ्या तबकडीचं, वजनदार, आणि त्याचा सेकंदाचा काटा आपल्या घड्याळासारखा टकटक उड्या मारत नाही, पाण्यावरून सरकावा तसा सरकतो. मला ते आवडलं, ताई. हातात घेतल्यावर परत ठेवावंसं वाटेना. "मावशी, गोल्ड तो सबके पास है," ललितराव म्हणाले, "सोनं लॉकरमध्ये झोपून राहतं. हे कंपनी मोजकंच बनवते, नवीनला लोक वर्ष-वर्ष थांबतात, म्हणून जुन्याला भाव. बॉक्स आहे, कागद आहेत, सगळं ओरिजिनल." बोलण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही.

पण इतकी वर्षं सोनेतारणाच्या काउंटरवर बसलेली बाई मी. मी विचारलं, हे मी आत्ता सहा लाखांना घेतलं आणि संध्याकाळी काही अडचण आली म्हणून तुम्हालाच परत दिलं, तर किती द्याल? ते हसले. "मावशी, आज घेऊन आजच कुणी विकतं का?" मी म्हटलं, समजा. त्यांनी टाळलं, चहा मागवला, ह्यांना धंद्याचं विचारलं. मी पुन्हा तेच विचारलं. शेवटी म्हणाले, साडेचारच्या आसपास. मग घाईघाईने जोडलं, की तीन वर्षं ठेवलं तर गोष्ट वेगळी. म्हणजे बघ, दुकानाच्या पायऱ्या उतरेपर्यंत दीड लाख गेले, आणि ती तीन वर्षं आधी ते दीड लाख भरून काढण्यातच जायची. दर पाच-सहा वर्षांनी सर्व्हिसिंग, तेही स्वस्त नाही. विमा वेगळा. चरा पडला तर भाव उतरला, आणि चरा पॉलिश करून काढला तरी उतरला, कारण घेणाऱ्याला मूळची धार हवी असते.

तर तुझ्या प्रश्नाचं सरळ उत्तर हे. काही घड्याळं वाढतात, अगदी खरं आहे. मोजक्या कंपन्यांची, त्यातही मोजकी मॉडेलं, आणि तीही ज्याला खरं-खोटं पारखता येतं, योग्य वेळी घेता येतं आणि थांबायला ज्याच्याकडे दुसरा पैसा आहे त्याची. बाकीची बहुतेक उतरतात. ज्याला हातात घालायची हौस आहे आणि हौसेचे पैसे बाजूला काढलेले आहेत त्याने खुशाल घ्यावं, चांगली वस्तू आहे, आयुष्यभर चालेल. पण दाजींच्या बायपासनंतर तुमच्याकडे अडीअडचणीला म्हणून जे उरलंय ते मोडून घेऊ नये. आईचा गोफ घेऊन तू सकाळी सराफात गेलीस तर दुपारपर्यंत पैसे घेऊन दवाखान्यात पोचशील. ते घड्याळ घेऊन भुसावळात कुठल्या दुकानात जाशील? विकायलाही शेवटी ललितरावांकडेच जावं लागेल, आणि भाव तेच सांगतील.

एवढं फोनवरही सांगता आलं असतं, असं म्हणशील. आलं असतं. पण त्याच दिवशी संध्याकाळी ते आम्हाला कुणा व्यापाऱ्याच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या पार्टीला घेऊन गेले. आपली लेक भूमिका फार गोड दिसत होती, तू दिलेली जांभळी पैठणी नेसली होती. डाव्या हातात गुलाबी सोन्याचं घड्याळ होतं. तुला फोटो आला होता ना, लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून, आणि तू तो साऱ्या भिशीला दाखवला होतास, तेच. जेवणं चालू असताना एक बाई आणि तिचा नवरा जवळ आले. ललितरावांनी बोलता बोलता भूमिकाचा हात उचलला, दिव्याकडे वळवला, त्या बाईला मागची-पुढची बाजू दाखवली. भूमिका माझ्याशी बोलत होती, बोलायची थांबली नाही, हात तेवढा त्यांच्याकडे राहू दिला. थोड्या वेळाने त्यांनी कडी उघडून घड्याळ काढून घेतलं. परतताना गाडीत तिचं मनगट मोकळं होतं. मी विचारलं, अगं, तुझी भेट? ती म्हणाली, "विकली गेली, मावशी. याआधीची पण विकली गेली." आणि खिडकीबाहेर बघायला लागली. पुढच्या सीटवर ललितराव शीळ घालत होते.

तेव्हा मी मनाशीच म्हटलं, धंदा आहे, प्रत्येकाच्या धंद्याची एकेक रीत असते. सोनाराची बायकोही लग्नात नवे दागिने घालून मिरवते. पण पुढचं मला भूमिकाने स्वतः सांगितलंय, ते तुला कळायलाच हवं. गौरींच्या हळदीकुंकवाला तू तिला चारचौघींत बोललीस, आठवतं? की सवाष्ण बाई आणि डावा हात बोडका, दोन बांगड्या तरी घाल. तिने सगळ्यांदेखत उजव्या हातातल्या दोन काढून डाव्यात चढवल्या. ताई, तिला डाव्या हातात बांगडी घालायची मनाई आहे. बांगडीने घड्याळावर चरा येतो. मागच्या वर्षी एकदा आला. त्या दिवशी ललितराव ओरडले नाहीत, हात उगारला नाही. फक्त म्हणाले, पन्नास हजार गेले. मग ते पन्नास हजार घरात राहायलाच आले. तिला भुसावळला यायचं असलं की, पन्नास हजार घालवलेस, आता तिकीट कशाला? चप्पल घ्यायची असली की तेच, आणि पाहुणे आले की सगळ्यांसमोर हसत हसत, "हमारी मॅडम का एक हाथ पचास हज़ार का." पॅथॉलॉजी लॅबमधली नोकरी सोडायला लावली, कारण संध्याकाळच्या पार्ट्यांना ती ताजीतवानी दिसायला हवी, आणि लॅबमधल्या औषधांनी हातांची कातडी खराब होते.

आणि तुझं ते निळं घड्याळ. ते तिने पाच-सहा महिने घालून फिरवलंय, कुणी घेतलं नाही. माहितगार माणूस भिंग लावून बघतो आणि परत देतो, कारण त्याची तबकडी कधीतरी बदललेली आहे. कागद खरे, डबा खरा, तबकडी मागाहून बसवलेली. ललितरावांचे पैसे अशा दोन-तीन घड्याळांत अडकलेत. त्यातलं एक सासूबाईंच्या गळ्यात बांधलं की दिवाळी साजरी होते. भूमिकाला त्यांनी सांगितलं, तू आईला फोन कर, तू म्हणालीस की त्या देतील. तिने नाही म्हटलं. आपली भूमिका, जिने तुझ्यासमोर आजवर मान वर केली नाही, तिने नवऱ्याला तोंडावर सांगितलं की आजीच्या पाटल्यांना हात लावू देणार नाही. त्यावर ते म्हणाले, "मग तुझा उपयोग काय?" रागाने नाही, ताई. चौकशी केल्यासारखं.

आता जे लिहिणार आहे ते वाचून माझ्यावर चिडू नकोस. श्रावणात तिने तुला फोन केला होता, आठव. आई, मला इथे नको वाटतं, म्हणाली होती. तू विचारलंस, "मारतो का?" ती नाही म्हणाली. "पितो?" नाही. "मग काय, संसारात एवढं-तेवढं चालायचंच." तुझ्या जागी आपली आई असती तर तिनेही हेच म्हटलं असतं, आणि माझी मुलगी असती तर कदाचित मीही. मारत नाही, पीत नाही, दारात गाडी आहे. आपल्या मोजमापात याच्यापुढे काही बसतच नाही. पण त्या फोननंतर तिने ठरवलं की आईला पुन्हा सांगायचं नाही. हेही तिनेच सांगितलं. सांगताना रडली नाही, भाजी निवडत होती.

तर ताई, भूमिका माझ्याकडे आहे. मंगळवारी दुपारी मी धुणं वाळत घालत होते, खाली रिक्षा थांबली. एक बॅग, पायात घरातली चप्पल, दोन्ही मनगटं मोकळी. जिन्यातूनच विचारलं, "मावशी, राहू?" इंदूरहून बसने एकटी आली होती. ह्यांनी काही विचारलं नाही, स्वतःची गादी बाहेरच्या खोलीत नेली आणि बाजारात जाऊन दराबा घेऊन आले. ललितरावांचे फोन येताहेत. तुम्हाला अजून केला नसेल, कारण धनतेरसला त्यांना तुमच्याकडे यायचंय आणि तोवर त्यांना सगळं गोड ठेवायचंय. म्हणूनच हे पत्र आजच जायला हवं. भूमिकाने काल भुसावळच्या तिच्या लग्नाआधीच्या लॅबमध्ये फोन केला, डॉक्टरीणबाईंनी सोमवारपासून ये म्हटलंय. पुढे वेगळं व्हायचं की काय करायचं ते ती ठरवेल, वकिलाकडे मी आणि हे तिच्याबरोबर जाऊ. तिला राहायला जागा हवी, आणि ती तुमच्याच घरी हवी, मावशीच्या नाही. रविवारी सकाळच्या गाडीने मी तिला घेऊन येतेय. दाजींना तू सांग किंवा मला सांगू दे, त्यांच्या छातीला झेपेल असं सांगू. मला फक्त एका गोष्टीची धास्ती आहे, आणि खरं तर तेवढ्यासाठीच हे सगळं लिहिलं. दार उघडशील तेव्हा तिच्या मागे बघू नकोस, आणि जावई कुठे आहेत असं विचारू नकोस. तिला एवढंच म्हण, की ये, जेवायचं व्हायचंय ना अजून.

तुझीच
चारू